केमिस्ट्री जुयीन कशी?

शाळेत शिकवलेले विषय शाळेतच राहतात असं कोणी सांगितलं तर खरं मानू नये. ते दप्तरातून निसटतात, गावात येतात आणि भलत्याच कामाला लागतात. त्यांत सर्वांत उद्योगी गणित. ज्याला शाळेत त्रैराशिक कधी सुटलं नाही, तो निवडणुकीत अख्ख्या वॉर्डाचं गणित मांडतो आणि निकालाच्या संध्याकाळी टपरीवर 'आपलं गणित कुठं चुकलं' यावर तासभर बोलतो. इतिहासाकडे एकच काम उरलं आहे, जमा करून घेण्याचं. पाच पैशांचं नाणं, टपालातली तार, शाईचं पेन, सगळं इतिहासजमा. भूगोल माणसांच्या पोटावर उतरला आहे. लग्नानंतर भेटलेल्या मित्राला 'भूगोल बदलला रे तुझा' म्हटलं की अक्षांश-रेखांश सांगावे लागत नाहीत. शास्त्र तर 'असतं ते'. हळदीच्या दिवशी कुठल्याही चालीबद्दल शंका काढा, 'शास्त्र असतं ते' एवढ्यावर प्रश्न मिटतो. एकट्या नागरिकशास्त्राला शाळेबाहेर कोणी विचारलं नाही, आणि गावातल्या गटारी बघितल्या की ते पटतं.

या मंडळींत सगळ्यांत शेवटी आलेली आणि सगळ्यांवर कडी करून बसलेली म्हणजे केमिस्ट्री. टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेतला परीक्षक जोडीला पैकीच्या पैकी गुण देताना भरल्या गळ्यानं म्हणतो, 'काय केमिस्ट्री आहे तुमच्यात!' दोन पक्षांची युती झाली की वर्तमानपत्रवाले त्यांच्यातली केमिस्ट्री उलगडून दाखवतात, तुटली की ती आधीपासूनच कशी नव्हती हेही तेच सांगतात. सलामीच्या फलंदाजांची केमिस्ट्री असते, तबलजी आणि गायकाची असते, सासू-सुनेची क्वचित असते. यात कुठं परीक्षानळी नाही, बर्नर नाही. दोन माणसांमधली एक न दिसणारी गोष्ट तेवढी आहे, जिला आपण आजवर 'पटणं' म्हणत होतो.

गंमत अशी की याच विषयाचं मराठी नाव या कामाला कोणी लावलं नाही. 'त्या दोघांचं रसायनशास्त्र जुळलं' असं म्हणून बघा. एखाद्या प्राध्यापक दांपत्यानं मिळून गाइड काढलं असावं असं वाटतं. रसायन आपण वापरतो, पण एकट्या माणसासाठी. 'हा बाबा म्हणजे वेगळंच रसायन आहे.' तेव्हा मराठीत माणूस एकटा असेपर्यंत रसायन असतो. दुकटा झाला की केमिस्ट्री सुरू होते.

आमच्या यावल तालुक्यातल्या मुलाला हा शब्द भेटतो तो अकरावी सायन्सला. दहावीपर्यंत साकळी, किनगाव, भालोद, हिंगोणा अशा गावांतल्या शाळांमधून तो मराठीत विज्ञान शिकलेला असतो. मूलद्रव्य, संयुग, द्रावण, आम्ल, आम्लारी. शब्द थोडे अंगावर येणारे, पण घरचे. निकाल लागतो, पेढे वाटून होतात, आणि अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात सगळ्यांची नावं बदललेली असतात. संयुगाचं कंपाउंड, द्रावणाचं सोल्युशन, आम्लारीचं बेस. या नव्या शब्दांशी पोराची ओळख नसते असंही नाही. चांगली जुनी ओळख असते, पत्ता तेवढा वेगळा असतो. कंपाउंड म्हणजे घराभोवतीची भिंत, जिच्यावरून काका आणि बाबा यांची कोर्टात तारीख पडते. सोल्युशन म्हणजे पंक्चरवाल्याकडची ट्यूब. तिच्यातला चिकटा रबराच्या तुकड्याला फासून तो दोनदा फुंकर मारतो. बेस म्हणजे मिरवणुकीतल्या डीजेचा, ज्यानं भांड्यांच्या मांडणीतली ताटं वाजतात. रिअॅक्शन इंजेक्शनची येते आणि अंगावर गांध्या उठतात. अॅसिड संडास धुवायचं. बाँड नोटरीकडचा. सेल बॅटरीचा, नाही तर साड्यांचा. आणि मोल म्हणजे मजुरी. सर फळ्यावर लिहितात, 'एक मोल कार्बन म्हणजे १२ ग्रॅम', आणि मागच्या बाकावरचं पोरगं मनात म्हणतं, एवढ्याशा कार्बनसाठी कोण मोलानं जाईल?

केमिस्ट या शब्दाची तर आणखीच तऱ्हा. औषधाच्या दुकानावर पाटी 'केमिस्ट अँड ड्रगिस्ट' अशी. पण यावलच काय, अवघ्या महाराष्ट्रात त्या दुकानाला 'मेडिकल' म्हणतात. 'मेडिकलवरून पित्ताची गोळी आण' म्हटलं की पोरगं बरोबर तिथं जातं. पाटीवरचा केमिस्ट कोणी वाचत नाही, आणि पाटीखाली बसलेल्यालाही त्याचं काही वाटत नाही. इंग्रजी शब्द आपण घेतो ते नारळासारखे; शेंडी सोलून, आपल्या सोयीनं फोडून, हवं तेवढं खोबरं काढून. बाकी राहिलेल्या करवंटीचा जाब कोण विचारतो?

असो. शब्द कॉलेजातून घरात आला तो लग्नाच्या वाटेनं. गेल्या लग्नसराईत आमच्या भाऊबंदांतल्या एका मुलाचं बघणं चाललं होतं. मुलगा पुण्याला हिंजवडीत, मुलगी नाशिकला नोकरीत. पूर्वीसारखं पोहे, लाजणं, 'स्वयंपाक येतो का' असलं काही नव्हतं. दोघं भुसावळच्या एका हॉटेलात भेटली, पनीरचं काहीतरी खाल्लं, बिल अर्धं अर्धं दिलं आणि आपापल्या घरी गेली. चार दिवस निरोप नाही. मध्यस्थी करणाऱ्या मावशींचे फोनवर फोन. शेवटी मुलाच्या आईनं ओसरीत उभ्या राहून, फोनवर हात ठेवून, घरातल्यांना दबक्या आवाजात सांगितलं, "मुलगी चांगली आहे म्हणतो. घरही चांगलं आहे म्हणतो. पण केमिस्ट्री जुळत नाही म्हणतो."

मुलाचे आजोबा, ज्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं, झोपाळ्यावर सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्ता थांबवला. "मंग जुयीन कशी? बारावीलेबी केमिस्ट्रीत त्याले छत्तीसच पडले व्हते."

आप्पांच्या या एका आकड्यात जेवढं भरलं आहे तेवढं सगळ्या परीक्षकांच्या भरल्या गळ्यांत मिळून नसेल. बारावीच्या पेपरात छत्तीस म्हणजे काठावर पास. पत्रिकेत छत्तीस म्हणजे पैकीच्या पैकी, लाखात एखादी जोडी. आणि बोलण्यात छत्तीसचा आकडा म्हणजे एकमेकांचं तोंड न बघणं, कारण तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसतात. एकच संख्या नापासाच्या उंबरठ्यावर, स्वर्गातल्या जोडीवर आणि भाऊबंदकीवर सारख्याच निर्विकारपणे बसते. केमिस्ट्रीचंही तसंच आहे. ती जुळते म्हणजे काय होतं हे कोणालाच सांगता येत नाही, आणि जुळत नाही म्हटलं की पुढं कोणी विचारत नाही.

हे दुसरं महत्त्वाचं. विचार केला तर 'केमिस्ट्री जुळत नाही' ही 'पत्रिका जुळत नाही'ची थोरली नात आहे. पत्रिकेनं मराठी समाजावर फार उपकार केले. मुलगी काळी वाटली, मुलाचं घर लहान वाटलं, सासरे तिरसट वाटले, हुंड्याचं बोलणं फिसकटलं, तरी तोंडानं सांगायचं एकच: 'बाकी सगळं उत्तम हो, पण पत्रिका जुळत नाही. सतराच गुण येतात. वर नाडी एक.' अठराची पायरी एका गुणानं हुकली, यात कोणाचा दोष? दोष ग्रहांचा, आणि ग्रहांच्या घरी जाऊन भांडता येत नाही. दोन्हीकडची अब्रू शाबूत, पुढच्या लग्नात पंगतीला शेजारी बसायला मोकळे. आता पत्रिका न मानणारी पिढी आली. तिला 'गुण' म्हणायची लाज वाटते. तिनं ग्रहांच्या जागी रेणू आणले, एवढाच फरक. पत्रिकेला निदान ज्योतिषाचा कागद लागे, चौकोन आखलेला. केमिस्ट्रीला तोही लागत नाही. पुरावा मागायची सोय नाही, फेरतपासणीचा अर्ज नाही.

यात मध्यस्थ मावशींचा अपमान झाला तो वेगळा. खरं म्हणजे सगळ्या प्रकरणात पाठ्यपुस्तकाला धरून काम करणाऱ्या त्या एकट्याच. रसायनशास्त्रात उत्प्रेरक नावाचा पदार्थ असतो. तो प्रक्रियेचा वेग वाढवतो, दोन पदार्थांना एकत्र आणतो आणि शेवटी जसा होता तसा बाहेर पडतो. मध्यस्थांचं काम तंतोतंत हेच. फक्त आमच्याकडचे मध्यस्थ जसेच्या तसे बाहेर पडत नाहीत, टॉवेल-टोपी आणि नारळ घेऊन पडतात, आणि त्यात काही कमी पडलं तर पुढची दहा वर्षं बोलून दाखवतात. उत्प्रेरकाचं काम करणारं प्लॅटिनम तसं करत नाही. म्हणून ते महाग.

आणि ज्यांचं कोणाशीच जुळत नाही, वयाची पस्तिशी आली, पंचवीस स्थळं झाली, त्यांच्या आईबापांसाठीही या विषयात दिलासा आहे. हेलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन हे निष्क्रिय वायू. कोणाशीच संयोग पावत नाहीत अशी त्यांची ख्याती होती, आणि पुस्तकांत तसं छापलेलंही होतं. १९६२ साली कॅनडात नील बार्टलेट या रसायनशास्त्रज्ञानं झेनॉनचं संयुग करून दाखवलं. जोडीदार भलताच जालीम निवडावा लागला, फ्लोरीन आणि प्लॅटिनमचं एक लाल वाफेचं संयुग, पण जुळलं. तेव्हा धीर सोडू नये.

माणसांच्या नात्याला रसायनाची भाषा लावायची कल्पना मात्र टीव्हीवाल्यांची नाही. जर्मन कवी गटे यानं १८०९ साली एक कादंबरी लिहिली आणि तिचं नावच त्या काळच्या रसायनशास्त्रातून उचललं. कुठला पदार्थ कुठल्या पदार्थाकडे जास्त ओढला जातो याला तेव्हाचे रसायनवाले 'निवडीची आप्तता' अशा अर्थाचा शब्द वापरत. कादंबरीत एक सुखवस्तू जोडपं, त्यांच्या घरी राहायला आलेला एक कॅप्टन आणि एक तरुण मुलगी. दिवाणखान्यात बसून मंडळी चर्चा करतात की दोन संयुगं एकत्र आणली तर घटक अदलाबदल करून नव्या जोड्या करतात. मग तसंच घडू लागतं, आणि शेवट मृत्यूंमध्ये होतो. म्हणजे केमिस्ट्री जुळली की काय होतं याचा पहिला मोठा अहवाल फारसा उत्साहवर्धक नव्हता. पण लोकांनी शब्द तेवढा ठेवला, अहवाल विसरले.

शिवाय आपल्याकडे हा पाहुणा आधीच एकदा येऊन गेलेला आहे. अरबीतला 'किमिया' युरोपात गेला, त्याची अल्केमी झाली, अल्केमीची केमिस्ट्री. तोच शब्द फारसीच्या वाटेनं मराठीत आला आणि किमया झाला. लोखंडाचं सोनं करण्याची विद्या, आणि पुढं कुठलीही जादू. मराठीतली किमया आणि इंग्रजीतली केमिस्ट्री या एकाच घरातल्या, लहानपणी ताटातूट झालेल्या बहिणी. त्यांच्या मुळाशी प्राचीन इजिप्तच्या काळ्या मातीचं नाव असावं असं काही अभ्यासक मानतात, काही मानत नाहीत. तापीकाठच्या काळ्या जमिनीत राहणाऱ्या माणसाला अर्थातच पहिल्या गटाचं म्हणणं पटतं.

पण 'पटणं' सांगायला मराठीला ना किमया लागली ना केमिस्ट्री. मराठीनं ते काम स्वयंपाकघराकडं सोपवलं होतं. दोघांचं मेतकूट जमतं. मेतकूट म्हणजे काय ते पाहा: हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, थोडे तांदूळ, थोडे गहू, मेथ्या, मोहरी, हळद, हिंग, सुंठ, सगळं वेगवेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाला लागणारी आच निराळी, आणि मग एकत्र दळायचं. मेथी जरा जास्त पडली की कडू, हिंग जास्त पडला की उग्र. हा शब्द ज्यानं कुणी नात्याला लावला, त्यानं प्रमाणाचा विचार केला होता. दुसरं गूळपीठ. 'त्या दोघांचं भारी गूळपीठ आहे' म्हणजे आतून संगनमत आहे, बाहेरच्यानं मध्ये पडू नये. बिघडण्याचीही सोय तिथंच. चांगलं चाललेलं असताना कोणीतरी मिठाचा खडा टाकतो. उत्साहावर विरजण पडतं. आणि विरजण हा शब्द वापरणाऱ्या बाईला ठाऊक असतं की विरजण पडल्यानं दूध संपत नाही, दही होतं. ते खराब की चांगलं हे आपल्याला दूध हवं होतं की दही यावर ठरतं. सूत जुळणं, गट्टी जमणं हे वेगळ्या खात्यांतून आलेले, पण मुख्य कारभार चुलीपाशी.

खानदेशात तर यातलं बरंच काही नुसत्या भरतावर सांगता येईल. यावल तालुक्यातलं बामणोद भरताच्या वांग्यांसाठी नावाजलेलं. पोपटी, पांढुरक्या छटेची, हातभर नसली तरी तळव्यात न मावणारी वांगी. जळगावच्या भरताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळीला, दोघांनाही २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. वांगी कापसाच्या पऱ्हाट्यांवर भाजायची, कारण त्या धगधगून जळतात आणि धुराचा वास वांग्यात मुरतो. गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीत इकडे पाहुण्याला वाढत नाहीत. भाजण्यात वांग्याच्या गरात काय काय घडतं, साखर आणि अमिनो आम्लं उष्णतेनं एकत्र येऊन तो खरपूस वास कसा तयार होतो, हे लुई मायार या फ्रेंच माणसानं १९१२ साली मांडायला सुरुवात केली. आमच्या आज्यांनी मांडलं नाही, ठेचलं. मिरची, लसूण, कांद्याची पात, वर सढळ तेल, सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. केमिस्ट्री आहे का विचारणारा त्या पंगतीत आजवर आढळला नाही.

आता आप्पांकडे परत यायला हवं, कारण त्यांना केमिस्ट्री कळत नाही असा नातवाचा समज झाला आहे. या माणसानं शाळा सातवीत सोडली. पण ते केळीच्या बागेत ड्रिपच्या टाकीपाशी बसून सालदाराला काय सांगतात ते ऐका. "आज बारा एकसष्ट सोड. परवा एकोणीस एकोणीस. घड निसवले की झिरो बावन्न चौतीस, आन् शेवटी झिरो झिरो पन्नास." हे तारखांचे किंवा लॉटरीचे आकडे नव्हेत. ही विद्राव्य खतं आहेत, नत्र, स्फुरद, पालाश यांचं शेकडा प्रमाण त्याच क्रमानं. झिरो झिरो पन्नास म्हणजे नत्र नाही, स्फुरद नाही, निव्वळ पालाश. फणीतलं केळ भरायला आणि गोडी यायला तोच लागतो. नळ्यांत क्षार साचले की आप्पा पातळ अॅसिड सोडून ते विरघळवून टाकतात. कीटकनाशकाला सगळ्या गावासारखं तेही औषध म्हणतात, आणि ते फवारत नाहीत, मारतात. नातू चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून ज्या विषयातून सुटला, आजोबा त्याच विषयात रोज सकाळी उभे असतात.

केळीचा तर सगळाच मामला रसायनाचा. केळीच्या घडाच्या दांड्यावर कोयता पडला की पाण्यासारखा चीक ठिबकतो. दिसायला निर्मळ; अंगावर पडला तर कळतही नाही. दुपारपर्यंत त्याचा तपकिरी डाग होतो, आठवड्यात काळा. हवेतला प्राणवायू चिकातल्या टॅनिनला धरतो आणि मग सोडत नाही. कापणीला जाणाऱ्या मजुराचा सदरा बघितला तर मूळ रंग कॉलरच्या आतल्या बाजूलाच सापडतो. खांदे आणि पाठ, जिथं घड टेकतो, तिथं कापड डागांनी कडक झालेलं. साबण, सोडा, लिंबू, सगळं करून झालेलं असतं. म्हणून कापणीचा सदरा वेगळा ठेवतात आणि तो दुसऱ्या कशालाही घालत नाहीत. दोन पदार्थ एकमेकांना इतके घट्ट धरतात की कोणी सोडवू शकत नाही, याला केमिस्ट्री म्हणायचं असेल तर ती यावलच्या बागांमध्ये सदऱ्या-सदऱ्यावर आहे, आणि कोणाला नको आहे.

जिच्या जिवावर तालुका चालतो त्या केळीला स्वतःला मात्र कोणाशी जुळवून घ्यावं लागत नाही. आपण खातो ती केळी परागीकरणाशिवाय धरते. नर नको, मधमाशी नको, बी नाही. आता लावतात ती ग्रँड नैनची रोपं टिश्यू कल्चरची, एकीसारखी दुसरी. म्हणजे तालुक्यातलं सगळ्यांत मोठं कुटुंब आजन्म अविवाहित. आणि गंमत बघा, सत्यनारायणाच्या चौरंगाला खुंट केळीचेच लागतात. काही ठिकाणी तर मंगळ असलेल्या मुलीचं पहिलं लग्न केळीशी लावून देण्याची चाल आहे. जिला लग्नाचं सोयरसुतक नाही तिलाच लग्नघरी उभं करायचं. शास्त्र असतं ते.

राहता राहिलं पिकणं. बागेतून घड हिरवाच उतरतो. सावदा, रावेर, निंभोरा या स्टेशनांवरून पूर्वापार रेल्वेनं आणि आता ट्रकनंही तो उत्तरेत जातो आणि तिकडच्या वखारीत पिकतो. पिकवतो कोण, तर इथिलीन. दोन कार्बन, चार हायड्रोजन, इतका साधा वायू. फळ तो स्वतःच तयार करतं, ही गोष्ट रिचर्ड गेन यानं १९३४ साली सिद्ध केली. एक फळ पिकायला लागलं की त्याचा इथिलीन शेजारच्याला पिकवतो. एका नासक्या आंब्यानं अढी नासते हे आपल्याला आधीपासून माहीत होतं, फक्त वायूचं नाव माहीत नव्हतं. आजच्या रायपनिंग चेंबरमध्ये सोळा-अठरा अंश तापमान ठेवतात, हवेत दमटपणा राखतात, इथिलीन दहा लाखांत शंभर भागांपर्यंत सोडायला कायद्यानं परवानगी आहे. चार-पाच दिवसांत हिरव्या केळातल्या पिठूळ स्टार्चची साखर होते. थंडी तेराच्या खाली गेली तर साल काळवंडते आणि केळ पुढं धड पिकत नाही. उष्णता जास्त झाली तर गर शिजल्यासारखा होतो आणि साल हिरवीच राहते.

घाई असलेल्यांसाठी कार्बाईडची पुडी असते. मूळ वेल्डिंगच्या कामाची. ओल लागली की तिच्यातून अॅसिटिलीन निघतो, तो इथिलीनची नक्कल करतो, एका रात्रीत साल पिवळीधमक. आत गर तसाच दडस. त्या पुडीत आर्सेनिक आणि फॉस्फरसचेही अंश असतात, म्हणून फळांसाठी तिच्यावर आपल्याकडे बंदी आहे. बंदी आहे म्हणजे वापरत नाहीत असं नव्हे.

भुसावळच्या हॉटेलातल्या पाऊण तासात केमिस्ट्री जुळली पाहिजे हा आग्रह मला या पुडीच्या खात्यातला वाटतो. आप्पांचं लग्न झालं तेव्हा त्यांनी नवरीला पाहिलंही नव्हतं. त्यांचं आणि आजीचं मेतकूट जमलं ते कधी, हे दोघांनाही सांगता येत नाही. आजी म्हणतात, थोरला झाल्यावर. आप्पा म्हणतात, अजून ठरलेलं नाही. जुन्या पद्धतीचे गोडवे मी गाणार नाही. त्या पद्धतीत न जमलेलं मेतकूट जन्मभर गिळणाऱ्या बायका आमच्या गल्लीत कमी नव्हत्या, आणि त्यांना 'केमिस्ट्री नाही' म्हणायची सोय नव्हती. पत्रिकाही त्यांच्या बापानंच जुळवलेली असे. आता मुलगीसुद्धा हा शब्द वापरून उठून जाऊ शकते, हा त्याचा सगळ्यांत मोठा गुण, आणि तो छत्तीसांत मोजलेला नाही.

तेव्हा शब्द राहू द्यावा. नकार द्यायला इतका सभ्य, बिनपुराव्याचा आणि दोन्हीकडची इज्जत सांभाळणारा शब्द मराठीला पत्रिकेनंतर मिळाला नव्हता. मुलाच्या किंवा मुलीच्या घरून 'केमिस्ट्री जुळत नाही' असा निरोप आला, तर कारण विचारू नका, फोन ठेवा आणि पुढचं स्थळ बघा. होकार कळवायचा असेल तेव्हा मात्र 'पसंत आहे' एवढंच म्हणा आणि लगेच हॉल बघायला निघा. फैजपूर-यावलकडची चांगली कार्यालयं मे महिन्यासाठी दिवाळीतच भरतात.